भंगारातील वाहनांचे सुटे भाग (खानदेश)

मोडीत निघालेल्या गाडीचे चांगले राहिलेले भाग खोलून दुसऱ्या गाडीसाठी विकत घेण्याची पद्धत. जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत ती रूढ आहे. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. जिथे ट्रकची वर्दळ, तिथे गॅरेज आणि गॅरेजच्या मागोमाग भंगारवाला येतोच. मोडीत निघालेली गाडी ‘कटिंगला गेली’ असे म्हणतात.

अमेरिकेतील स्वयंसेवा पद्धतीच्या भंगार आवारात गिऱ्हाईक स्वतःचे पाने-सॉकेट घेऊन जाते, ओळीने उभ्या केलेल्या गाड्यांतून हवा तो भाग स्वतः खोलते आणि ठरीव दरपत्रकाप्रमाणे पैसे मोजते. खानदेशात दरपत्रक नसते. भाग निवडतो तो गिऱ्हाइकाचा मिस्तरी, खोलायला भंगारवाल्याकडचा पोरगा हात लावतो आणि भाव तोंडी ठरतो. त्या भावात मिस्तरीचेही काही असू शकते, हे गिऱ्हाइकाने धरूनच चालावे. तरीही मिस्तरीला न नेणे जास्त महाग पडते.

सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) आणि डायनामो (बॅटरी चार्ज करणारा) जागेवरच बॅटरी लावून किंवा फिरवून पाहतात. गिअरबॉक्सचे थोडे ऑइल तळहातावर घेऊन चोळतात. पितळी वा पोलादी चुरा चमकला, तर सौदा तिथेच थांबतो. चाकाचा हब (मधला भाग) दोन्ही हातांनी धरून हलवला की बेअरिंग किती खेळते ते कळते. इंजिनचे हेड (वरचे झाकण) उघडलेले असेल, तर पिस्टनच्या माथ्यावरचा आकडा वाचतात : ०.५० असा शिक्का दिसला, तर ब्लॉक आधीच एकदा बोअर झालेला (सिलिंडर आतून घासून मोठा केलेला) आहे. दरवाजा, बोनट, काच, चाकाची डिस्क, रेडिएटर यांच्या खरेदीत धोका कमी. ब्रेक शू, टायमिंग बेल्ट, सीट बेल्ट आणि एअरबॅग मात्र कितीही स्वस्त मिळाले तरी जुने घेऊ नयेत. टायरच्या कडेवरील चार अंकांत पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे असतात. ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा.

सगळा माल पुन्हा गाडीलाच लागतो असे नाही, आणि खानदेशातील या बाजाराची खरी गंमत यातच आहे. जुन्या जीप-ट्रकचे अ‍ॅक्सल, हब आणि टायर टायरच्या बैलगाडीखाली किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली जातात. कापूस, केळीचे घड, चारा असे काहीही वाहणाऱ्या गाडीला वेग नसतो, त्यामुळे महामार्गासाठी बाद झालेला हबही शेतरस्त्यावर पुढे वर्षानुवर्षे चालतो. गाडीच्या स्प्रिंगचे तुटलेले पाटे लोहार घेतो. स्प्रिंगचे हे पोलाद पाणी चांगले धरते, म्हणजे तापवून थंड केल्यावर कडक होते. त्यापासून विळे, कोयते, कुऱ्हाडी आणि वखराच्या पासा (पाती) घडवतात. पाट्याचा भाव वजनावर, पण लोहार आधी ठोकून त्याचा आवाज ऐकतो.

कागदपत्रांकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. वाहने मोडीत काढणाऱ्या केंद्रांचे नियम २०२१ मध्ये आले. गाडी मोडल्याचे अधिकृत प्रमाणपत्र फक्त नोंदणीकृत केंद्रच देते, रस्त्याकडेच्या भंगारवाल्याचा कागद आरटीओत चालत नाही. चोरीची गाडी तोडून विकणारेही याच बाजारात मिसळलेले असतात. म्हणून इंजिन घेताना त्यावरील नंबर घासलेला नाही ना, हे पाहावे आणि मूळ गाडीच्या आरसीवरील नंबराशी तो ताडून घ्यावा. पावतीवर इंजिन नंबर, मूळ गाडीचा नंबर व विकणाऱ्याची सही घ्यावी. बदललेल्या इंजिनाची नोंद आरटीओत करून घेणे आवश्यक असते. ती राहून गेल्यास पुढे गाडी विकताना आरसीवरचा आणि इंजिनावरचा नंबर जुळत नाही.