पार्श्वभूमी: निळ्या ओळीची गोष्ट

पैठणीच्या किंवा हिमरूच्या विणकराची वेबसाइट गुगलवर सापडते, तेव्हा वरच्या निळ्या ओळीत बरेचदा नुसतं 'होम' लिहिलेलं असतं. खाली मेनूतले सुटे शब्द: आमच्याविषयी, गॅलरी, संपर्क. माल अस्सल, कारागिरी पिढ्यांची आणि दारावर पाटीच नाही, हे बघून जीव हळहळतो.

ती निळी ओळ म्हणजे पानाचं टायटल. ते सर्च इंजिनांच्याही आधीचं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या अगदी सुरुवातीच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं लिहिण्याच्या भाषेत, ते होतं. ब्राउझरच्या खिडकीच्या माथ्यावर पानाचं नाव दिसावं, एवढंच त्याचं काम. नोव्हेंबर १९९५मध्ये एचटीएमएल २.०चे नियम छापले गेले. त्यात सांगितलं होतं, की टायटल ६४ अक्षरांच्या आत ठेवा आणि नुसतं 'प्रस्तावना' असं लिहू नका. पानापासून सुटलं की त्या शब्दाला अर्थ उरत नाही. 'होम'चं दुखणं गुगलच्या जन्माआधीच ओळखलं गेलं होतं.

निळ्या ओळीखाली दिसणारं पानाचं छोटं वर्णन म्हणजे डिस्क्रिप्शन. त्याला महत्त्व आलं ते अल्टाव्हिस्टासारख्या सर्च इंजिनांमुळे. सोबत कीवर्डचा टॅगही होता, म्हणजे पानाचे शोधशब्द लिहायची, वाचकाला न दिसणारी जागा. त्यात लोकांनी वाट्टेल ते शब्द कोंबले आणि त्याची पत गेली. आपण क्रमवारीसाठी तो टॅग बघतच नाही, हे गुगलने सप्टेंबर २००९मध्ये जाहीर केलं. डिस्क्रिप्शननेही क्रमांक वर चढत नाही. ते वाचून माणूस आत येतो की पुढे जातो, एवढंच ठरतं, आणि माझ्या मते तेच जास्त मोलाचं आहे.

मराठीची अडचण वेगळी होती. देवनागरी १९९१पासून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या संगणकाच्या सामाईक संकेतप्रणालीत होती, पण विंडोजमध्ये तिची सोय विंडोज २०००पासून झाली. तोवर, आणि नंतरही बरीच वर्षं, मराठी मजकूर खासगी फाँटांत चढवला जायचा. पडद्यावर 'पैठणी' दिसे, आत मात्र रोमन अक्षरांचा गिचका असे. सर्च इंजिनाला काही उमगत नसे. म्हणून मजकूर मराठी आणि टायटल इंग्रजी, अशी सवय पडली. कारण संपलं, सवय उरली.

लांबीच्या नियमाचंही तसंच. 'छत्रपती संभाजीनगर' हे नाव संगणक मोकळी जागा धरून १७ चिन्हांचं मोजतो. डोळ्यांना अक्षरं दिसतात दहा. गुगल टायटल कापतं ते रुंदी बघून. त्यामुळे इंग्रजी टायटलसाठी रूढ झालेला ६० अक्षरांचा आकडा मराठीला तंतोतंत लागू पडत नाही. डिस्क्रिप्शनची जागाही गुगलने डिसेंबर २०१७मध्ये वाढवली आणि मे २०१८मध्ये पुन्हा आखडती घेतली. मोजत बसण्यापेक्षा मुद्द्याचा शब्द आधी लिहावा: 'हातमागाची पैठणी, थेट विणकराकडून, पैठण'. टायटल पोकळ असेल, तर गुगल पानावरच्या मथळ्यातून स्वतःच दुसरं रचतं. ऑगस्ट २०२१पासून हे ठळकपणे दिसू लागलं.

नावांचा पेच मराठवाड्यात जास्तच. आपण वेरूळ म्हणतो, परगावचा पाहुणा एलोरा टाइप करतो. धाराशिव लिहिलं, तरी कुणी तरी उस्मानाबाद शोधत असतोच. आपलं नाव टायटलमध्ये ठेवावं आणि दुसरं डिस्क्रिप्शनमध्ये व पानावरच्या पहिल्या परिच्छेदात, म्हणजे दोघांनाही आपण योग्य ठिकाणी आल्याचं कळतं.