घट्ट तेलाचा फ्लॅश पॉइंट: घाई केली की आकडा चुकतो

माहुल-ट्रॉम्बेच्या टाक्यांमधलं फर्नेस ऑइल भारतीय मानकानुसार किमान 66 अंश सेल्सिअस फ्लॅश पॉइंटचं हवं. म्हणजे त्याखाली ज्योत दाखवली तरी तेलावरची वाफ भपकन पेटता कामा नये. प्रयोगशाळेत हे पेन्स्की-मार्टेन्सच्या झाकणबंद पितळी कपात पाहतात.

डिझेल तापवलं की आपसूक घुसळतं. फर्नेस ऑइल काकवीसारखं: भिंतीलगतचं तापतं, मधलं थंडच राहतं. थर्मामीटर मधलं तापमान सांगतो, वाफ मात्र कडेच्या गरम तेलाची. आकडा खोटाच खाली येतो. म्हणून डिझेलसारख्या तेलांना मिनिटाला 5 ते 6 अंशांची वाढ आणि 90 ते 120 फेऱ्यांची ढवळणी चालते. घट्ट मालाला जेमतेम एक ते दीड अंश आणि सुमारे 250 फेरे. सॅम्पल जास्त असली की पहिल्या रीतीचा मोह होतो. तो टाळावा.

खरी गोची कप भरतानाच होते. माल ओतण्याजोगा व्हावा म्हणून कोमट करायचा, पण अपेक्षित फ्लॅश पॉइंटच्या 28 अंश खालीच थांबायचं. 66 असेल तर मर्यादा 38. मुंबईच्या मे महिन्यात एसी बंद असेल तर खोलीच त्याच्या जवळ पोचलेली असते! जास्त तापवलं की हलक्या वाफा आधीच उडून जातात आणि आकडा वर चढतो.

कप आतल्या खुणेपर्यंत भरायचा, बुडबुडे जाऊ द्यायचे. अपेक्षित आकड्याच्या सुमारे 23 अंश आधीपासून दर अंशाला (110च्या वर दर दोन अंशांना) ज्योत दाखवायची. तेवढ्यापुरती ढवळणी बंद. ज्योतीभोवती निळसर वलय दिसतं, तो फ्लॅश नव्हे. पहिल्याच ज्योतीला भपका झाला तर सॅम्पल फेकून नवं घ्यायचं, आणि ज्योत आणखी कमी तापमानापासून दाखवायला लागायचं.

कप धुतलेलं सॉल्व्हंट थेंबभर राहिलं तरी आकडा कोसळतो. उलट सॅम्पलमध्ये पाणी असेल तर फेस येतो आणि पाण्याची वाफ ज्योतच दाबून टाकते. पंखा बंद, खिडकीही बंद.

हवेच्या दाबाची दुरुस्ती: 101.3 किलोपास्कलपेक्षा दर किलोपास्कल कमी दाबामागे पाव अंश मिळवायचा. मुंबईत ती नगण्य. पुण्यात दाब 95च्या आसपास, तिथे दीड अंश मिळवावा लागतो. हवामान खात्याचा समुद्रसपाटीला आणलेला दाब मात्र इथे वापरू नये, खोलीतलाच मोजावा.