काम नीट झाले असले, तरी नोंद हवीच

ओझरचे विमानतळ जवळ असल्याने नाशिकमध्ये विमानांविषयीचे संदेश आवडीने पुढे पाठवले जातात. त्यांपैकी एक असा: ‘दुरुस्ती कंत्राटावर दिली की जबाबदारी कंत्राटदाराची, आणि काम नीट झाले असेल तर नोंदीतील चूक ही केवळ कागदोपत्री बाब.’

यातील दोन्ही भाग खरे नाहीत. १९९१ साली टेक्सासमधील ईगल लेकजवळ एक प्रवासी विमान कोसळून त्यातील सर्व १४ जण मृत्युमुखी पडले. आदल्या रात्री शेपटीकडील आडव्या पृष्ठभागावरचे ४७ स्क्रू काढले गेले होते, पण त्याची नोंद न झाल्याने पुढच्या पाळीला ते कळलेच नाही. ते काम विमान कंपनीच्याच हँगरमध्ये झाले होते. कंत्राटी कामात तर ही माहिती दोन संस्थांमधून जाते, म्हणून तिथे नोंदीचे मोल अधिकच आहे.

इंजिनातील फिरत्या चकतीचे आयुष्य उड्डाणांच्या आवर्तनांत, म्हणजे विमान किती वेळा उडून उतरले यावर, मोजले जाते. धातूचा थकवा, म्हणजे वारंवार ताण पडून त्यात येणारा कमकुवतपणा, डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे मागील नोंद हरवली तर चकती कितीही चकचकीत असली तरी वापरता येत नाही.

जबाबदारीचे म्हणाल, तर भारतातील नागरी विमान वाहतुकीची नियमावली इंटरनेटवर सर्वांना खुली आहे. तिच्या ‘एम’ भागातील एम.ए.२०१ हे कलम उघडून वाचावे: प्रत्यक्ष काम कंत्राटावर दिले, तरी विमान उड्डाणयोग्य ठेवण्याची जबाबदारी विमान चालवणाऱ्या कंपनीवरच राहते.