व्हॅनिलाच्या आधी केकमध्ये काय घालत?

व्हॅनिला संपलं तर केकमध्ये काय घालायचं, हा प्रश्न केकच्या मानाने बराच नवा आहे. सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये केकला वास असायचा तो गुलाबपाण्याचा, जायपत्रीचा, शहाजिऱ्याचा नाहीतर लिंबाच्या सालीचा. पुण्याची म्हणून आपण ओळखतो त्या श्रुजबेरी बिस्किटांचं नाव ज्या इंग्रजी श्रूजबरी केकवरून आलं, त्याच्या जुन्या कृतींतही जायफळ, दालचिनी आणि गुलाबपाणी सापडतं.

व्हॅनिला तेव्हा फार थोड्यांना मिळे. ही मेक्सिकोतली ऑर्किडची वेल. बाहेर नेऊन लावली की फुलं येत, पण शेंग धरत नसे, कारण फुलातले पराग आणि कुक्षी (पराग स्वीकारणारा भाग) यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो, आणि तो ओलांडून पराग पोचवणारे मेक्सिकोतले कीटक बाहेर नसत. बेल्जियममध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स मॉरेन यांनी १८३६ मध्ये हाताने परागीकरण करून दाखवलं. मळ्यात झटपट करता येईल अशी रीत मात्र १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली: बारीक काडीने पडदा वर उचलायचा आणि अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबायचे. आजही हे काम असंच, एकेका फुलाशी उभं राहून होतं. फूल एकच दिवस उमलतं. शेंग पिकायला साधारण नऊ महिने लागतात आणि हिरव्या शेंगेला व्हॅनिलाचा वास नसतो. गरम पाण्यातून काढून, कापडात गुंडाळून घाम आणून, महिनोन्‌महिने वाळवल्यावर तो येतो. महागाईचं कारण हेच.

त्यामुळे पर्याय शोधणं लगेच सुरू झालं. फ्रेंच रसायनज्ञ गोब्ली यांनी १८५८ मध्ये शेंगेतून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचं मुख्य द्रव्य, वेगळं काढलं. १८७४ मध्ये जर्मनीत टीमान आणि हारमान या रसायनज्ञांनी ते सूचिपर्णी झाडांच्या रसातल्या कोनिफेरिन या द्रव्यापासून बनवलं. पुढे लवंगेच्या तेलापासून, १९३० च्या दशकात कागद गिरण्यांच्या टाकाऊ द्रवातल्या लिग्निन या लाकडातल्या द्रव्यापासून, आणि आता मुख्यतः खनिज तेलापासून मिळणाऱ्या ग्वायकॉल या रसायनापासून ते तयार होतं. आपल्याकडच्या छोट्या बाटलीतला इसेन्स बहुधा हाच असतो. म्हणजे ज्याला पर्याय शोधायचा, तो स्वतःच पर्याय आहे!

तरी त्याला कमी लेखू नये. शेंगेच्या खऱ्या अर्कातले नाजूक वास ओव्हनमध्ये बरेचसे उडून जातात, व्हॅनिलिन टिकतं. म्हणून केक-बिस्किटांना इसेन्स चालतो. शेंग किंवा अर्क कस्टर्ड आणि आइस्क्रीमसाठी राखावा. अर्ध्या शेंगेचा गर म्हणजे साधारण १ छोटा चमचा अर्क. इसेन्स हात सैल सोडून घातला तर केक कडवट लागतो.

अंड्याचा उग्र वास झाकणं हे व्हॅनिलाचं मोठं काम. अंड्याच्या केकमधून ते नुसतं वगळलं की तो वास वर येतो. मुंबई-पुण्याच्या इराणी बेकऱ्यांतल्या मावा केकमध्ये हे काम वेलची करते. २०० ग्रॅम मैद्याला अर्धा छोटा चमचा ताजी कुटलेली वेलचीपूड पुरते. डब्यातली जुनी पूड दुप्पट घातली तरी मजा नाही. जायफळ चिमूटभरच, जास्त झालं की औषधी लागतं. बदामाचा इसेन्स पाव छोट्या चमच्यापुढे नको. गुलाबपाणी २ छोटे चमचे घ्यावं आणि तितकंच दूध कमी करावं. त्यापुढे साबणाचा वास येऊ लागतो.

लिंबाची साल किसताना फक्त पिवळा भाग घ्या, पांढरा कडू असतो. कीस आधी साखरेत बोटांनी चोळा. साखर ओलसर, फिकट पिवळी झाली म्हणजे सालीतलं तेल सुटलं. मग ती लोण्यात फेसा. हे वास पाण्यापेक्षा स्निग्धात चांगले मुरतात, म्हणून वेलचीही मैद्यात न मिसळता लोण्यातच घालावी.