हेरेनइन्झेल आणि फ्राउएनइन्झेल: कीमझे सरोवरातल्या दोन बेटांचा घोळ

म्युनिकहून साल्झबुर्गकडे जाताना साधारण तासाभरात प्रीन स्टेशन येतं. ‘कीमझेचं बेट’ बघायला इथे उतरणाऱ्यांची गल्लत ठरलेली असते. बघण्यासारखी बेटं दोन आहेत. दोन्हींवर जुने मठ आहेत, दोन्हींना एकच बोट लागते. राजवाडा मात्र एकावरच आहे. शिवाय ही बेटं प्रीनच्या हद्दीतही येत नाहीत. ही दोन आणि निर्मनुष्य क्राउटइन्झेल मिळून कीमझे नावाची वेगळी ग्रामपालिका आहे. तिची वस्ती जेमतेम दोनेकशे, आणि तीही बहुतेक फ्राउएनइन्झेलवर.

राजवाडा आहे तो हेरेनइन्झेलवर. सुमारे २३८ हेक्टरचं हे बेट बरंचसं जंगलच आहे, आणि ते जंगल टिकलं ते बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा याच्यामुळे. लाकडाचे व्यापारी तोड करण्याच्या बेतात असताना १८७३ मध्ये त्याने बेट विकत घेतलं. १८७८ मध्ये फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्याच्या धर्तीवर वाड्याचा पाया घातला गेला, १८८५ मध्ये पैसा संपून काम थांबलं. राजा तिथे मोजके दिवस राहिला आणि जून १८८६ मध्ये वारला. आरसेमहाल व्हर्सायच्या महालाहून किंचित लांबच आहे. पण खरी बघायची गोष्ट म्हणजे राजदूतांचा जिना: व्हर्सायमधला मूळ जिना १७५२ मध्येच पाडला गेला, त्यामुळे तो कसा होता याची कल्पना इथेच येते. दुसऱ्या टोकाच्या जिन्याच्या उघड्या विटाही नीट बघा. अर्धवट राहिलेलं काम इतकं स्पष्ट क्वचितच दिसतं. जुलै २०२५ पासून हा वाडा लुडविगच्या इतर वाड्यांसोबत युनेस्कोच्या यादीत आहे.

याच बेटावर आणखी एक फसगत होते. धक्क्याजवळ दिसणारा ‘जुना वाडा’ म्हणजे ऑगस्टिनियन पंथाचा पूर्वीचा मठ. ऑगस्ट १९४८ मध्ये जर्मनीच्या मूलभूत कायद्याचा, म्हणजे राज्यघटनेचा, मसुदा इथेच आकाराला आला. लुडविगचा वाडा पुढे, चालत वीसेक मिनिटांवर आहे. आतून तो फक्त मार्गदर्शकासोबत, तिकिटावर छापलेल्या वेळेलाच बघता येतो. तिकीटखिडकी धक्क्याजवळ आहे, वाड्याच्या दारात नाही. ती चुकवून थेट वाड्यापर्यंत गेलात तर पुन्हा धक्क्यापर्यंत चालत यावं लागतं, आणि तोवर मार्गदर्शकासोबतची पुढची फेरी भरलेली असू शकते. घोडागाडी उन्हाळ्यातच मिळते, तिच्या भरवशावर मिनिटं मोजू नका. कारंजीही साधारण मे ते सप्टेंबरच चालतात.

फ्राउएनइन्झेल अगदी लहान, अर्ध्या तासात फेरी पूर्ण. इथे वेळेचं बंधन नाही, म्हणूनच आम्हाला ते जास्त आवडतं. बव्हेरियाचा ड्यूक टासिलो तिसरा याने आठव्या शतकात स्थापलेला बेनेडिक्टाइन नन्सचा मठ इथे आहे. १८०३ मध्ये तो बंद झाला, १८३६ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि आजही त्यात नन्स राहतात. चर्चपासून सुटा उभा असलेला अष्टकोनी घंटामनोरा लांबूनच ओळखू येतो. नवव्या शतकातली मठाध्यक्षा इर्मेनगार्ड (मृत्यू ८६६) हिला आजही इथे मोठा मान आहे. मठाच्या दुकानात मार्झिपान (बदामाची मिठाई) आणि लिकर, कोळ्यांकडे धुरावलेले मासे. जेवण याच बेटावर ठेवा.

क्रम असा: सकाळी हेरेनइन्झेल, दुपारी फ्राउएनइन्झेल. उलट केलंत तर बोटीला थोडा उशीर झाला तरी वाड्याची वेळ हुकते. बोटीचं तिकीट काढतानाच दोन्ही बेटं सांगा. फक्त हेरेनइन्झेलचं परतीचं तिकीट पुढे चालत नाही, आणि वाड्याचं प्रवेशशुल्क यात धरलेलं नसतं. फक्त फ्राउएनइन्झेल करायचं असेल तर प्रीनला न जाता उत्तर किनाऱ्यावरच्या ग्श्टाटहून निघा, दहाएक मिनिटांत पोहोचाल. प्रीन स्टेशनपासून बोटी सुटतात त्या श्टॉकच्या धक्क्यापर्यंत सुमारे दोन किलोमीटर अंतर आहे. हंगामात तिथे १८८७ पासूनची छोटी आगगाडी धावते, एरवी चालत निघा.

भाड्याची होडी घेतली किंवा पोहायला उतरलात तर किनाऱ्यावरच्या नारिंगी दिव्यांवर लक्ष असू द्या. मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर सावध होऊन काठाजवळ या. ९० वेळा म्हणजे वादळाचा इशारा, लगेच पाण्याबाहेर.