नेपाळी खलाशाला सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरकडे न्यायचं असेल तर

ऑगस्टात बोटी सुटल्या की महिन्याभरात तक्रारी सुरू होतात. जांघेत नायटा, बोटांच्या बेचक्यात चिखल्या, खाऱ्या पाण्याने सोललेले हात. एप्रिल-मे आला की बागेतल्या गड्यांची पाळी, आंब्याच्या चिकाने भाजलेले गाल आणि मनगटं. हर्णैचं बंदर असो, मिरकरवाड्याचं असो की देवगडच्या बागा, यातले बरेच हात नेपाळचे. कितीतरी जण केसपेपरच्या खिडकीवरूनच परत फिरतात, म्हणून हे मालकांसाठी आणि तांडेलांसाठी, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखांसाठी, लिहितोय.

आधी पात्रता, कारण गैरसमज तिथेच आहे. ओपीडीत तपासून घ्यायला आधार लागत नाही, रेशनकार्ड लागत नाही. नेपाळच्या माणसाला १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे भारतात राहायला व्हिसाही लागत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी, औषधं मोफत आहेत. रत्नागिरी, ओरोस, अलिबाग इथे आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्यांच्या रुग्णालयांना वैद्यकीय शिक्षण खात्याचे नियम लागतात, तेव्हा थोडे सुट्टे पैसे खिशात असू द्या. महात्मा फुले योजनेचं कार्ड मात्र शोधत बसू नका. ती योजना भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, नायट्याच्या गोळ्यांसाठी नाही.

खिडकीवर हल्ली मोबाईलने स्कॅन करून 'आभा' क्रमांकावर टोकन घ्यायला सांगतात. आभा म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक, आणि तो ऐच्छिक आहे. नसेल तर "हाताने केसपेपर काढा" असं शांतपणे सांगा आणि हलू नका. एका खिडकीवर मला "आधार नाही तर नोंद कशी करू" असं दोनदा ऐकवलं गेलं, तिसऱ्यांदा विचारल्यावर नोंद झाली.

खरी गोम नावात आहे. आपल्याकडे येणारा प्रत्येक नेपाळी 'बहादूर'. मालक केसपेपरवर तेच सांगतो, पुढच्या वेळी दुसरा कोणीतरी दुसरंच नाव सांगतो, आणि रक्ताचा रिपोर्ट तिसऱ्याच नावाने पडून राहतो. त्याची 'नागरिकता' काढायला लावा, म्हणजे नेपाळी नागरिकत्वाचा दाखला. तो देवनागरीत असतो, त्यातलं नाव जसंच्या तसं लिहून घ्या. पण त्यावरची जन्मतारीख विक्रम संवतातली असते. २०५५ साल पाहून कारकून हसतो किंवा वैतागतो. त्यातून ५७ वजा करा, म्हणजे १९९८. जन्म पौषाच्या उत्तरार्धापासून चैत्रअखेरपर्यंतचा असेल तर ५६. हे घरूनच कागदावर लिहून न्या. फोन नंबर किनाऱ्यावर असणाऱ्या माणसाचा द्या, बोट आठवडाभर बाहेर असेल तर खलाशाचा फोन लागणार नाही.

त्वचेचा डॉक्टर प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात नसतो आणि उपजिल्हा रुग्णालयात रोज असेलच असं नाही. आधी वार विचारून जा, नाहीतर भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही बुडतात. दारावर 'त्वचा व गुप्तरोग विभाग' अशी पाटी असते. ती वाचून लाजून मागे फिरलेले मी पाहिलेत. तिथे चिखल्याही दाखवतात, जा आत.

मेडिकलमधून आणलेली ट्यूब सोबत न्या, पिळून संपलेली असली तरी. नायट्यावर आपले लोक स्टिरॉइड मिसळलेली मलमं फासतात. खाज दोन दिवसांत थांबते, नायटा मात्र पसरतो आणि ओळखू येईनासा होतो. २०१८ पासून अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी काउंटरवर कोण विचारतो? तपासणीच्या सकाळी अंगाला काही लावू नका. त्वचा खरवडून तपासतात, मलमामुळे निकाल चुकतो.

पुढे आधार काढायचंच असेल तर १८२ दिवसांची अट लोक उलटी वाचतात. सलग सहा महिने नव्हे, मागच्या १२ महिन्यांतले भारतातले सगळे दिवस मिळून १८२. एक ऑगस्टला पहिल्यांदाच आलेल्याचे ते जानेवारीअखेर भरतात. पासपोर्ट नसेल तर नागरिकतेसोबत भारतातल्या नेपाळी दूतावासाचं मर्यादित मुदतीचं फोटो ओळखपत्र लागतं. हाच कागद कोणाकडे नसतो, आणि तो दापोलीत मिळत नाही. उपचार त्याच्यासाठी थांबवू नका.

सर्वांत जास्त घोळ हंगाम संपताना. एक जूनला मासेमारी बंद, खलाशी गावी. नायट्याचं औषध कित्येक आठवडे चालतं. बधिर चट्टा निघून कुष्ठरोगाचं निदान झालं तर गोळ्या सहा किंवा बारा महिने घ्याव्या लागतात, आणि त्या मोफत मिळतात, नेपाळातही. म्हणून मे महिन्यातच डॉक्टरांना गावी जायची तारीख सांगा, पुरेशा गोळ्या मागा, आणि निदान व सुरू केल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी घ्या. चिठ्ठीवर नाव नागरिकतेतलं. बहादूर नव्हे.