पीलच्या बाटलीवरची टक्केवारी आली कुठून?

क्लिओपात्रा आंबट दुधाने अंघोळ करायची, ही गोष्ट पीलबद्दलच्या, म्हणजे आम्ल लावून त्वचेचा वरचा थर सोलून काढण्याच्या उपचाराबद्दलच्या, प्रत्येक माहितीपत्रकात सापडते. आंबट दुधात लॅक्टिक आम्ल असतं, एवढाच तिचा आजच्या पीलशी संबंध. वैद्यकातली सुरुवात मानायची तर १८८२ च्या आसपास. हॅम्बुर्गच्या एका त्वचारोगतज्ज्ञाने सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, फिनॉल आणि ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल (टीसीए) त्वचेवर काय करतात, हे लिहून ठेवलं. पुढची काही दशकं हा उद्योग डॉक्टरांपेक्षा बिगरडॉक्टर मंडळींच्याच हातात जास्त राहिला. लॉस एंजेलिस आणि फ्लोरिडात फिनॉलचं गुप्त मिश्रण चेहऱ्यावर लावून सुरकुत्या घालवणाऱ्या बायका होत्या. त्यांचे नुस्खे घराबाहेर जात नसत.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला प्लास्टिक सर्जननी असाच एक नुस्खा छापला: ८८ टक्क्यांचं फिनॉल ३ मिली, पाणी २ मिली, द्रवसाबणाचे ८ थेंब आणि क्रोटन तेलाचे ३ थेंब. क्रोटन तेल म्हणजे आपल्या जमालगोट्याचं तेल. जवळजवळ चाळीस वर्षं सगळं श्रेय आणि सगळा दोष फिनॉलच्या टक्क्यांना मिळाला. २००० साली एका सर्जनने मात्रा बदलून बदलून दाखवून दिलं की पील किती खोल जाणार, हे मुख्यतः जमालगोट्याचे ते तीन थेंब ठरवतात. फिनॉल रक्तात उतरून हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, म्हणून तसं पील मॉनिटर लावूनच करतात. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर ते कायमचे पांढुरके पट्टे सोडू शकतं, त्यामुळे आपल्याकडे त्याच्या वाटेला फारसं कुणी जात नाही.

आकडा एकीकडे आणि काम दुसरीकडे, हा घोळ पुढे ग्लायकोलिक आम्लाच्या बाबतीतही झाला. माझ्या मते आजच्या बाजाराचं मूळ तिथेच आहे.

१९७४ मध्ये अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी अल्फा हायड्रॉक्सी आम्लं (एएचए) वापरून इक्थिओसिस या माशाच्या खवल्यांसारखी त्वचा होणाऱ्या आजारात फरक पडतो, हे मांडलं. उसात सापडणारं ग्लायकोलिक त्यांतलंच. रेणू लहान, त्यामुळे आत लवकर शिरणारं. १९९० च्या दशकात ते आजाराकडून सौंदर्याकडे सरकलं आणि दुकानातल्या क्रीमपासून दवाखान्यातल्या ७० टक्क्यांच्या पीलपर्यंत सगळीकडे एकच नाव दिसू लागलं. मग हे प्रसाधन की औषध? त्वचेची रचना बदलत असेल तर औषध आणि औषधाला परवानगी लागते. नुसतं रूप खुलवत असेल तर प्रसाधन.

या पेचातून वाट काढली ती तिथल्या प्रसाधन उद्योगाच्याच पैशावर चालणाऱ्या एका तज्ज्ञमंडळाने. त्यांची शिफारस अशी: घरगुती वापरासाठी १० टक्क्यांपर्यंत, पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका लहान तितकी आम्लता जास्त) ३.५ किंवा त्याहून जास्त. पार्लरमध्ये प्रशिक्षित हातांनी, थोडा वेळ लावून नीट धुऊन टाकण्यासाठी ३० टक्क्यांपर्यंत, पीएच ३ किंवा जास्त. दोन्हीकडे उन्हापासून संरक्षण हवंच. अमेरिकेच्या सरकारी नियंत्रकाने हे आकडे कायद्यात घातले नाहीत. २००५ मध्ये त्यांनी लेबलवर उन्हाचा इशारा छापायची मार्गदर्शक सूचना तेवढी काढली. तिच्यामागे ठोस कारण होतं: १० टक्के ग्लायकोलिक चार आठवडे लावल्यावर अतिनील किरणांबाबतची संवेदनशीलता सरासरी १८ टक्क्यांनी वाढलेली आढळली होती. वापर थांबवल्यावर आठवडाभरात ती पूर्ववत झाली.

या शिफारशीत टक्के आणि पीएच अशी जोडी होती. बाजाराने त्यातले टक्के उचलले आणि पीएच मागे ठेवला. त्वचेत शिरून काम करतं ते मोकळं, म्हणजे क्षारात न बदललेलं आम्ल. ग्लायकोलिकमध्ये पीएच ३.८ ला जेमतेम निम्मं आम्ल मोकळं असतं. १० टक्क्यांची बाटली ३.५ ला असेल तर त्या दहापैकी सुमारे ७ टक्के कामाला येतं, ४.५ ला असेल तर २ टक्केसुद्धा नाही. दोन्ही लेबलांवर छापलेलं मात्र सारखंच. दवाखान्यातलं ७० टक्के म्हणजे सुद्धा एकच वस्तू नव्हे. काही बाटल्यांमध्ये आम्ल आधीच थोडं मारलेलं (बफर केलेलं) असतं, तर बफर न केलेल्या बाटलीचा पीएच १ च्याही खाली जातो.

म्हणूनच जाणता डॉक्टर बाटलीपेक्षा चेहऱ्याकडे पाहतो. आधी तेलकटपणा पुसायचा, डोळ्यांच्या कडा, नाकपुड्या आणि ओठांच्या कोपऱ्यांना व्हॅसलीन लावायचं, मग कपाळापासून सुरुवात आणि शेजारी घड्याळ. त्वचा एकसारखी लाल होऊ लागली की ठरलेली मिनिटं भरायची वाट न पाहता खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारायचं. टीसीएचं तंत्र वेगळं. तिथे प्रथिनं गोठून पांढरा थर दिसतो आणि सोड्याचा उपयोग नसतो.

आपल्या त्वचेची अडचण लेबलवरच्या त्या उन्हाच्या इशाऱ्यात बसतच नाही. जगभर वापरलं जाणारं त्वचेचं वर्गीकरण १९७५ चं, प्रकाशोपचाराची मात्रा ठरवण्यासाठी केलेलं. त्यात सुरुवातीला गोऱ्या त्वचेचेच चार प्रकार होते, तपकिरी आणि काळी त्वचा नंतर जोडली गेली. आपल्याकडची त्वचा बहुतेक चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडते. तिला उन्हाने भाजण्यापेक्षा मोठा धोका पीलच्या दाहानंतर उरणाऱ्या काळ्या डागांचा असतो. वांग घालवायला गेलेली बाई कधीकधी जास्त गडद वांग घेऊन परत येते, ते यामुळे. त्यामुळे इथले त्वचारोगतज्ज्ञ आधी दोन-चार आठवडे क्रीम लावून त्वचा तयार करतात आणि मोठ्या रेणूचं, सावकाश शिरणारं मँडेलिक आम्ल पसंत करतात. लग्नाला आठ दिवस उरल्यावर 'ग्लो पील' मागणाऱ्या नवरीला हे पटवणं अवघड, हा भाग वेगळा.

पार्लर आणि घर यांच्यातली ती रेषा गेल्या काही वर्षांत पुसलीच गेली. दहा मिनिटांसाठी लावायचं ३० टक्के एएचएचं लालभडक सीरम आता थेट घरपोच येतं. जुलै २०२४ मध्ये अमेरिकी नियंत्रकाने तीव्र टीसीए, ग्लायकोलिक, सॅलिसिलिक आणि लॅक्टिकची पील देखरेखीशिवाय विकत घेऊ नका, वापरू नका, असं जाहीर केलं. आपल्याकडच्या अनेक बाटल्यांवर टक्के आजही ठळक अक्षरांत असतात. पीएच शोधावा लागतो आणि बऱ्याचदा तो छापलेलाच नसतो.